हिंगोलीचे स्पेलिंग

काही वर्षांपूर्वी गावातल्या एका संस्थेच्या स्मरणिकेत मी चार पानांचा लेख लिहिला होता. शीर्षक होते ‘छावणीतले ठग’. स्मरणिका वाटून झाल्या, उरलेले गठ्ठे कपाटात गेले आणि मीही तो लेख विसरलो. मी खत-बियाण्यांच्या दुकानात हिशेब लिहितो. एका सकाळी तिथे सत्तरी ओलांडलेले एक कापडव्यापारी आले. हातात तीच स्मरणिका, पानाला खूण म्हणून बिलाचा कागद. बसायला खुर्ची दिली तर बसले नाहीत.

“हे तुम्हीच लिहिलं ना?”

मी खुशीत हो म्हणालो. लिहिणाऱ्याला वाचक भेटायला आला की तो आधी खूश होतो, कारण नंतर विचारतो.

“आमचे पूर्वज छावणीबरोबर उत्तरेतून आले. कापडाचं दुकान तेव्हापासूनचं. आता नातू शाळेत जातो तर पोरं त्याला ठग म्हणून हाक मारतात. तुम्ही आमचं नाव लिहिलं नाही, कबूल. पण भाऊ, असं घर गावात दुसरं कोणतं आहे, तुम्हीच सांगा.”

मी लेख पुन्हा वाचला. शेवटून दुसऱ्या परिच्छेदात एक वाक्य होते : ‘त्या व्यापाऱ्याचे वंशज कदाचित आजही आपल्या बाजारपेठेत उजळ माथ्याने वावरत असतील.’ हे वाक्य कोणत्याही जुन्या पुस्तकात नव्हते. ते माझे होते. लेखाला जरा चटका यावा म्हणून घातलेले.

ही हकिकत इथे सांगण्याचे कारण, त्या वाक्यापर्यंत मी कसा पोचलो ते. मी काही कोण्या विद्यापीठात शिकलेला इतिहासकार नाही. बारावीनंतरचे शिक्षण बाहेरून झाले. मोडी एका उन्हाळी वर्गात शिकलो आणि बाकी जे काही येते ते संगणकाच्या आणि मोबाइलच्या पडद्यावर जुनी पुस्तके वाचून. माझ्यासारखे अनेक जण आज तालुक्याच्या गावी बसून संशोधन करतात. आमचे ग्रंथालय आंतरजालावर आहे. त्या ग्रंथालयात काय आहे, काय नाही आणि जे आहे ते आमच्यासमोर कोणत्या क्रमाने येते, यावर आमचा इतिहास ठरतो आहे. माझा तर ठरलाच होता.

माझी सुरुवात हिंगोलीतल्या एका नेट कॅफेत झाली. तेव्हा ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ नावाचा सरकारी मदतीचा प्रकल्प जोरात होता. देशभरच्या ग्रंथालयांतली पुस्तके स्कॅन करून ती सर्वांना मोफत खुली करायची, असा तो उद्योग. पुस्तक एकेक पान करून उघडायचे आणि पान दिसण्यासाठी संगणकात वेगळी सोय करावी लागायची. तासाला वीस रुपये मोजून मी तासात बारा-पंधरा पाने पाहत असे. पुढे ते संकेतस्थळ बंद झाले. पण त्याआधीच काही जाणत्या मंडळींनी त्यातली लाखो पुस्तके ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर नेऊन ठेवली होती, म्हणून ती वाचली. २०१६ नंतर मोबाइलचा डेटा स्वस्त झाला आणि नेट कॅफेची खुर्ची सुटली.

त्या पुस्तकांतल्या बऱ्याच प्रतींवर उस्मानिया विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा शिक्का असतो. आत पुस्तक परत करण्याच्या तारखांचे छापील पान. आमच्या आजोबांच्या पिढीची राजधानी हैदराबाद होती. त्यांना ते विद्यापीठ कानाने ठाऊक होते, डोळ्याने नाही. त्याच ग्रंथालयातले पुस्तक आपल्या हातातल्या मोबाइलवर उघडते आहे हे पहिल्यांदा लक्षात आले, तेव्हा मी घरच्यांना बोलावून तो शिक्का दाखवला होता. बायकोने पाहिला आणि विचारले, “परत कधी करायचं?”

आता त्या ठगांकडे येतो.

हिंगोली ही निजामाच्या हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी होती. बोलारम, औरंगाबाद, जालना, एलिचपूर, मोमिनाबाद म्हणजे अंबाजोगाई, अशा ज्या छावण्या होत्या त्यांतली एक. फौज निजामाच्या नावाची आणि खर्चाची, अधिकारी इंग्रज. याच फौजेच्या थकलेल्या खर्चापायी १८५३च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. १९०३ साली ही फौज ब्रिटिश हिंदी सैन्यात विलीन झाली आणि छावणी उठली. नावे तेवढी मागे राहिली. आमच्या गावात रिसाला बाजार आहे, पलटण आहे, तोफखाना आहे. रिसाल्यात घोडा नाही आणि तोफखान्यात तोफ नाही, पण रिक्षावाल्याला पत्ता सांगताना आपण अजून छावणीच्याच भाषेत बोलतो.

कॅप्टन फिलिप मेडोज टेलर हा निजामाच्या नोकरीतला अधिकारी. त्याची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही तीन भागांची कादंबरी १८३९ साली लंडनला निघाली आणि तिने विलायतेत ठगांचे नाव घरोघर नेले. कादंबरीतला अमीर अली आपण ऐकून असतो. मात्र तिला टेलरने स्वतःची एक प्रस्तावना जोडली आहे आणि तिच्यात आमची हिंगोली आहे. टेलर सांगतो ते असे : हिंगोलीच्या छावणीत हरीसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी होता. खुद्द टेलरचा आणि इतर साहेबांचा त्याच्याशी व्यवहार असे. या हरीसिंगाने मुंबईहून कापड आणण्यासाठी इथल्या मुलकी अधिकाऱ्याकडून परवाना घेतला. प्रत्यक्षात ते कापड दुसऱ्याच एका व्यापाऱ्याचे होते आणि तो ते घेऊन वाटेवर आहे हे हरीसिंगाला माहीत होते. त्याने तो व्यापारी, त्याचे नोकर आणि बैल हाकणारे यांना मारले, आपल्या परवान्यावर ते कापड हिंगोलीत आणले आणि छावणीत उघडपणे विकले. याच टोळीने छावणीच्या बाजारातही माणसे मारली आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून थोड्याच अंतरावर पुरली. त्या जागा माफीच्या साक्षीदारांनी दाखवल्या, त्या उकरताना टेलर स्वतः हजर होता. शेवटी सगळ्यांना शिसारी आली आणि उकरणे थांबवावे लागले. जागा म्हणजे नदीला मिळणाऱ्या एका ओढ्याचे कोरडे पात्र, छावणीतून शेजारच्या खेड्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत.

आमची नदी कयाधू. आता हे वाचल्यावर हिंगोलीच्या माणसाने काय करावे? मी तेच केले. लेख लिहिला.

चूक कुठे झाली ती सांगतो. मी ती प्रस्तावना वाचलीच नव्हती. शोधखिडकीत हिंगोलीचे इंग्रजी स्पेलिंग टाकले, पुस्तकाचे एक पान पिवळी खूण लागून समोर आले, ते पान आणि पुढचे पान वाचले आणि मोबाइल बाजूला ठेवला. शोधयंत्र आपल्याला नेमके त्या शब्दावर नेऊन सोडते. भर बाजारात एसटीतून उतरल्यासारखे. मागचा रस्ता कसा होता, कोणती गावे लागली, काही कळत नाही. पूर्वी पुस्तक हातात घेऊन चाळताना नको असलेलीही पाने डोळ्यांखालून जात आणि त्यातूनच लेखक कोण आहे, कोणासाठी लिहितो आहे, त्याचा आवाज कुठे चढतो याचा अंदाज येई. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला तेव्हा त्यांच्यापुढे शोधखिडकी नव्हती, कागदांचे दप्तर होते. दप्तर सोडले की हवा तो कागद वर येत नाही. सगळेच उलगडावे लागतात.

शेठजी येऊन गेल्यावर मी दप्तर सोडायला बसलो. आधी स्पेलिंग.

टेलर हिंगोलीच्या शेवटी दोन ‘ई’ घालतो. इतरांच्या लिहिण्यात शेवटी ‘आय’ येतो, ‘वाय’ येतो, ‘आय-ई’ही येते. साहेबाच्या कानाला जे ऐकू आले ते त्याने लिहिले. मी पहिल्यांदा एकच स्पेलिंग टाकले होते आणि जे सापडले नाही ते नाहीच असे धरून चाललो होतो. शिवाय स्कॅन केलेल्या पानातली अक्षरे यंत्र ओळखते तेव्हा ते आपल्या डोळ्याने वाचत नाही. ओळीच्या शेवटी शब्द तुटला असेल तर त्याच्या लेखी ते दोन शब्द. शाई फुटली असेल तर ‘एल’चा ‘आय’ होतो. कसर लागलेल्या पानावर तर यंत्र वाटेल ते वाचते. मी आता हिंगोलीची सहा-सात रूपे आणि त्यांची तुटलेली अर्धुके वहीत लिहून ठेवली आहेत. कोणतेही नवे पुस्तक हाती आले की ती एकेक करून टाकतो. आणि एवढे करून शेवटी पुस्तक पानोपानी चाळतोच.

जिल्ह्याचाही घोळ आहे. हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ला. त्याआधीची हिंगोली परभणीच्या पोटात आणि १९४८च्या आधीची निजामाच्या राज्यात. म्हणून ‘हिंगोली जिल्हा’ असे शोधणाऱ्याला शंभर वर्षांपूर्वीचे काही मिळणार नाही. १९६७चे परभणी जिल्हा गॅझेटिअर पाहावे लागते, १९०८च्या इंपीरियल गॅझेटिअरचा तेरावा खंड पाहावा लागतो आणि वाशीम शेजारी असल्याने लायलने १८७० साली काढलेले वऱ्हाडचे गॅझेटिअरही पाहावे लागते. हे शोधयंत्र सांगत नाही. ज्याला जुन्या सरहद्दी ठाऊक, त्यालाच ते पाव‌ते.

याच नादात एक गंमत झाली. १८१९च्या जानेवारीत याच फौजेने आमच्या हिंगोली-नांदेड पट्ट्यात हटकरांच्या नाईकाच्या ताब्यातली एक गढी वेढा घालून घेतली. इंग्रजी कागदांत तिचे नाव ‘नोवाह’. हे नाव पलटणींच्या निशाणावर मानाने मिरवले गेले. ते मी शोधायला गेलो तर यंत्राने नम्रपणे विचारले की तुम्हाला बायबलमधला नोहा हवा आहे का? पुढे बर्टन या अधिकाऱ्याने १९०५ साली लिहिलेला हैदराबाद कंटिंजंटचा इतिहास मिळाला. त्यात वेढ्याचे वर्णन आहे : मेजर पिटमन, सुरुंग, हल्ला. नाईक त्यात बंडखोर आहे. हटकर समाजात त्याच नोवसाजी नाईकाचे नाव अभिमानाने घेतात. एकच माणूस, पण पिवळी खूण फक्त बर्टनच्या पानाला लागते. अभिमानाने घेतलेल्या नावाला स्पेलिंग नसते.

इथे मला पहिल्यांदा नीट उमगले की आमच्या या फुकट ग्रंथालयाची ठेवणच एकांगी आहे. त्यात कोणाचा डाव नाही, साधा कायद्याचा मामला आहे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क राहतो. टेलर गेला १८७६ साली. तो कुणालाही, कुठेही, मोफत. ठगांच्या बंदोबस्ताचा म्होरक्या स्लीमन, त्याचे १८३६चे ‘रामसीआना’, मोफत. पण टेलर आणि स्लीमन यांनी जे लिहिले ते कितपत खरे, हे तपासणारे अभ्यासक आपल्या काळातले. स्टुअर्ट गॉर्डन यांचा १९६९चा निबंध, राधिका सिंघा यांचे १९९८चे ‘अ डेस्पॉटिझम ऑफ लॉ’, किम वॅग्नर यांचे ठगांवरचे २००७चे पुस्तक, हे सगळे पैसे मोजणाऱ्याला किंवा विद्यापीठाचा पासवर्ड असणाऱ्याला. म्हणजे हिंगोलीत बसलेल्या माणसाला साहेबाची फिर्याद घरपोच मिळते, उलटतपासणी मात्र मिळत नाही. मी जो लेख लिहिला तो फिर्याद ऐकून दिलेला निकाल होता.

उलटतपासणी मिळवायला मला दोन वर्षे लागली. एका ओळखीच्या प्राध्यापकांनी काही प्रकरणे वाचायला दिली, एक पुस्तक उसने आणले, एक जुने विकत घेतले. त्यातून जे समजले ते थोडक्यात मांडतो, कारण पुढचे सगळे त्यावर आहे.

ठगांविरुद्धचा पुरावा मुख्यतः माफीच्या साक्षीदारांचा होता. पकडलेला माणूस आपले साथीदार दाखवून देईल तर त्याचा गळा वाचे, आणि तो वाचत राही तो जोवर त्याच्यापाशी सांगण्यासारखे काही आहे तोवर. जबान्या देशी भाषांत झाल्या, छापल्या गेल्या इंग्रजीत. १८३६च्या तिसाव्या कायद्याने तर ठगांच्या टोळीत असणे एवढेच जन्मठेपेला पुरेसे झाले; अमुक खून तमुक दिवशी याने केला असे वेगळे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. याचा अर्थ ठग नव्हतेच, वाटेवर माणसे मारली गेलीच नाहीत, असा नाही. वॅग्नर यांचेही म्हणणे तसे नाही. पण देशभर पसरलेला, एका देवीच्या नावाने चालणारा, बापाकडून मुलाकडे येणारा एक भयंकर पंथ असे जे चित्र उभे राहिले, त्यात विचारणाऱ्याचा वाटा मोठा होता. विशेषतः ‘बापाकडून मुलाकडे’ हा भाग. माझ्या लेखातले ‘वंशज’ तिथूनच आले होते. मला वाटत होते की ते वाक्य माझ्या लेखणीतून उतरले. ते पावणेदोनशे वर्षे जुने होते.

मग मी टेलरच्या प्रस्तावनेतल्या त्या मजकुराचे दोन भाग केले. एक, टेलरने स्वतः पाहिलेले : हरीसिंग नावाचा प्रतिष्ठित व्यापारी छावणीत होता, त्याच्याशी व्यवहार होता, ओढ्यात प्रेते सापडली. दुसरा, टेलरला कळलेले : मुंबईच्या कापडाचा परवाना आणि वाटेतले खून. हा सगळा दुसरा भाग, टेलरच्याच म्हणण्यानुसार, पकडला गेल्यावर हरीसिंगाने स्वतः दिलेल्या कबुलीवर उभा आहे. ती कबुली नसती तर गोष्ट कधी उघडकीला आली नसती असे टेलर सांगतो. पहिला भाग मला भक्कम वाटतो. दुसऱ्याला मी कबुलीइतकेच वजन देतो आणि कोठडीतल्या कबुलीचे वजन किती हे पोलीस ठाण्याच्या आसपास राहणाऱ्याला सांगायला नको. हरीसिंगाची बायकापोरे, त्याचे घराणे, त्याचे दुकान कुठे होते, यातले एक अक्षर त्या मजकुरात नाही. उत्तरेतून आलेला आणि कापड विकणारा, एवढ्या दोन खुणांवर मी एका घराच्या दारावर बोट ठेवले होते. छावणीबरोबर उत्तरेतून आलेले लोक आमच्या गावात शेकड्याने आहेत. शिपाई, साईस, भिस्ती, हलवाई, सराफ, सगळेच.

ओढाही शोधला. दोन रविवार सकाळी पायी फिरलो. कयाधूकडे उतरणारा ओढा एकच नाही आणि बांधकामांनी वळणे बदलली आहेत. टेलरने दिलेली खूण म्हणजे शेजारच्या खेड्याचा रस्ता. पण कोणते खेडे? छावणीचा तपशीलवार नकाशा हाताशी असता तर उलगडा झाला असता. आणि नकाशे हीच या डिजिटल ग्रंथालयांची सर्वांत दुखरी जागा. जुन्या पुस्तकांत मोठे नकाशे घडी करून चिकटवलेले असत. भराभर पाने उलटत स्कॅन करणारा माणूस ती घडी उलगडायला थांबत नाही. पडद्यावर दिसते ती घडीची पाठ, कोरी, आणि कधी कधी कडेला रबरी टोपण घातलेले त्या माणसाचे बोट. त्या बोटाचा राग येत नाही. दिवसाला किती पाने त्याला उलटावी लागत असतील कोण जाणे. पण पुस्तक ‘मिळाले’ म्हणून आपण निश्चिंत होतो आणि त्यातला नकाशा मात्र कुठल्या तरी कपाटात घडीतच राहतो.

आणखी एक सवय मी मोडली, ती सांगण्यासारखी आहे. संशोधनपर लेखात आपण संदर्भ देतो, ‘लंडन, १८३९’. वाचकाला वाटते की याने ते पुस्तक हाताळले. प्रत्यक्षात पाहिलेली असते मोबाइलवरची प्रत आणि ती कित्येकदा वेगळ्याच आवृत्तीची निघते. टेलरच्या या कादंबरीच्या कितीतरी आवृत्त्या निघाल्या. मी लेखासाठी जी प्रत वाचली ती नंतरची होती आणि संदर्भ दिला होता पहिल्या आवृत्तीचा, कारण तो भारदस्त दिसतो. विद्यापीठातले लोकही हे करतात असे मला एकाने हसत सांगितले. आता मी कोणत्या संग्रहातली, कोणत्या ग्रंथालयाच्या शिक्क्याची प्रत पाहिली ते लिहितो. संपादक ते कापतात. मी पुन्हा लिहितो.

राहता राहिला आमच्या बाजूचा कागद. राष्ट्रीय अभिलेखागाराची ‘अभिलेख पटल’ ही सूची घरबसल्या चाळता येते आणि तिचे उपकार मोठे आहेत. ठगी खात्याची दप्तरे दिल्लीत आहेत. पण सूचीतला विषयही त्या काळच्या इंग्रजी कारकुनाने जसा नोंदला तसा. निजामी राज्याचा कारभार फार्सीत आणि १८८४ नंतर उर्दूत; नस्तालिक वळणाचे उर्दू अक्षर यंत्राला अजून नीट वाचता येत नाही. गावगाड्याचा हिशेब मोडीत. मोडी वाचणारे यंत्र घडवण्याचे प्रयत्न चालू आहेत असे वाचतो. आमच्या भागातल्या कुळकर्ण्याच्या हातचे, तेल सांडलेले मोडी ते वाचेल त्या दिवशी मी पेढे वाटीन. नर्सीच्या नामदेवांवर शोध घेतला तर निकालांचा पूर येतो. त्याच भागातल्या छावणीत उधारीने कापड घेणाऱ्या शिपायावर घेतला तर थेंब पडत नाही.

शेठजींकडे मी गेलो ते दुरुस्तीचा मजकूर घेऊन. संस्थेच्या पुढच्या स्मरणिकेत तो छापून आणला होता, अर्धे पान. ‘मागील लेखातील वंशजांविषयीचे विधान निराधार असून ते मी मागे घेतो’ अशी सुरुवात. त्यांनी चष्मा लावून वाचला. म्हणाले, “लेख चार पानं आणि माफी अर्धं पान.” मी गप्प राहिलो. खरेच होते ते. नातू तोवर मोठा होऊन पुण्याला शिकायला गेला होता. त्याला शाळेत पडलेले नाव मित्र अजून वापरतात असे कळले.

त्यानंतर मी अधूनमधून त्यांच्या दुकानी जाऊ लागलो. पहिल्या वर्षी चहा मिळाला. दुसऱ्या वर्षी त्यांनी आजोबांच्या गोष्टी सांगितल्या. यंदा आखाडात त्यांनी माळ्यावरून लाल कापडात बांधलेल्या लांबट वह्यांचे एक बाड खाली काढले. दोरीने शिवलेल्या बह्या, पाने जाड, कडा वाळवीने खाल्लेल्या. वरच्या बहीवर संवत १९५९. सत्तावन्न वजा केले की १९०२ची दिवाळी ते १९०३ची दिवाळी. म्हणजे छावणी उठली ते वर्ष.

अर्धे अधिक लिखाण महाजनी वळणाचे आहे. त्यात काना-मात्रा-वेलांटी नसते. शेठजींनी त्यावरची जुनी गोष्ट सांगितली, ती मारवाड्यांच्या प्रत्येक घरात सांगतात : काका अजमेरला गेले असे पत्र आले आणि वाचणाऱ्याने वाचले, काका आज मेले, घरात रडारड. “तुमच्या त्या इंग्रजीत एक हिंगोली सहा तऱ्हेने लिहितात म्हणता,” ते म्हणाले, “आमच्याकडे एका तऱ्हेने लिहून सहा तऱ्हेने वाचतात.” पुढचा भाग मराठी मुनिमाच्या हातचा, मोडीत. तो मला लागतो. रकमेपुढे कुठे ‘क’ आहे, कुठे ‘हा’. मी ते कलदार आणि हाली असे वाचतो. कलदार म्हणजे इंग्रजी रुपया, हाली म्हणजे निजामी. खेड्यातल्या गिऱ्हाइकाची उधारी बहुतेक हालीत. काही नावांपुढे ‘पलटण’ असे लिहिले आहे, त्यांची कलदारात. वर्षाच्या उत्तरार्धात ही ‘पलटण’वाली नावे कमी कमी होत जातात. एका नावावर आडवी रेघ मारून कडेला काही लिहिले आहे, ते ‘गेला’ असावे. देणे फेडून गेला की बुडवून, हे त्या पानावरून तरी कळत नाही.

मी मोबाइलने पाने टिपतो आहे. प्रत्येक पानाच्या कडेला माझे बोट येते, टोपण नसलेले. घडी घातलेल्या चिठ्ठ्या मात्र उलगडूनच टिपतो. या बह्या कुठे चढवायच्या, कोणाच्या नावाने चढवायच्या, हे शेठजी ठरवतील. घराण्याचे नाव त्यावर असावे की नसावे याचा निर्णय त्यांनी नातवावर सोपवला आहे आणि नातू म्हणतो, आधी सगळे वाचून तर दाखवा.

लक्ष्मीपूजनाला जुन्या बह्या नव्या बहीशेजारी मांडायची त्यांच्या घरी रीत आहे. त्यामुळे त्याआधी बाड परत न्यायचे आहे. दोनशे बारा पाने झाली, अजून शंभरावर बाकी आहेत, आणि दुकानात रब्बीच्या बियाण्याची गर्दी सुरू झाली आहे.